तापस्तंभ क्रमांक सहाशे चौदा

उस्त-कीरा शहराखाली बारा मीटर खोलीवर चिरहिम संशोधन केंद्राचे एक भुयार आहे. त्याच्या भिंती गोठलेल्या मातीच्या. वर जुलैमधले तेहेतीस अंशांचे ऊन असो की जानेवारीतली उणे पन्नासची थंडी, भुयारात वर्षानुवर्षे उणे तीन अंश तापमान असे. डॉ. वैजयंती ताम्हाणे यांनी शहराचे मुख्य अभियंता न्युरगुन यांना मुद्दाम तिथे बोलावले, तेव्हा भिंतीवरचा आकडा होता उणे शून्य पूर्णांक सहा.

न्युरगुन यांनी हातमोजा काढून भिंतीवर बोट दाबले. बोटाला ओली माती लागली.

"माझ्या आजोबांनी हे भुयार खणलं तेव्हा पहारी वाकायच्या," ते म्हणाले. "किती वेळ आहे आपल्याकडे?"

"रुग्णालयाचे खांब सात वर्षं तग धरतील. वीजकेंद्राचे कदाचित नऊ."

अडीच लाख वस्तीचे ते सगळे शहर गोठलेल्या जमिनीत रोवलेल्या खांबांवर उभे होते. ती जमीन वितळली तर खांबांना धरायला चिखलच उरणार होता.

"पण थंडीला काय तोटा आहे इथे?" न्युरगुन म्हणाले. "आपलं खोरं म्हणजे वाडगा. टेकड्यांवरची गार हवा जड होऊन खाली उतरते आणि पाण्यासारखी साचून राहते. टेकडीवर उणे पस्तीस, तर इथे उणे पन्नास. ही थंडी जमिनीत का शिरत नाही?"

"जमिनीनं गोधडी पांघरलीय म्हणून," वैजयंती म्हणाली. "भुरभुरीत हिमात चारात तीन वाटे हवाच असते. अर्धा मीटर हिम साचलं की वर उणे पन्नास असलं तरी खाली मातीला जेमतेम उणे दहा जाणवतं. पूर्वी इथे हिम कमी पडायचं. आता हिवाळे ओले झालेत, गोधडी जाड झालीय. उन्हाळ्यात मुरलेली ऊब तिच्याखाली तशीच राहते."

"म्हणजे गोधडी काढायची."

"हो. सगळ्या खोऱ्यावरची. हिम पडलं की दोन दिवसांत उचलायचं आणि टेकड्यांपलीकडे नेऊन टाकायचं. जमीन उघडी ठेवली तर हीच थंडी तिला वाचवेल."

न्युरगुन यांनी बोटाची माती पुसून हातमोजा चढवला. मग म्हणाले, "डॉक्टर, आमच्याकडे लहान मुलाला पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की अडकलास तर हिमात शीर."

"वाड्यावस्त्या जोडणाऱ्या रस्त्यांवर गस्त वाढवू," वैजयंती म्हणाली.

अनावरण योजना त्याच वर्षी सुरू झाली. खोऱ्यात अकराशे तापस्तंभ पुरण्यात आले. प्रत्येक स्तंभाच्या डोक्याशी, जमिनीलगत, तापमान मोजणारी एक तळहाताएवढी धातूची चकती होती आणि खाली दोन मीटरपर्यंत ठरावीक अंतरावर संवेदक होते. जागा कळावी म्हणून शेजारी लाल झेंड्याची काठी. कुठे किती थंडी मुरली याचे आकडे दर मिनिटाला वैजयंतीच्या पडद्यावर येत.

तिचा नवरा श्रीरंग पक्ष्यांचा अभ्यासक होता. दोघे पुण्याहून बरोबरच आले होते, अकरा वर्षांपूर्वी. इथल्या रानकोंबड्या हिवाळा कसा काढतात हा त्याचा विषय. त्या रोज संध्याकाळी उडत उडतच हिमात सूर मारतात आणि आतल्या उबेत झोपतात. योजनेच्या पहिल्याच हिवाळ्यात तो एक मेलेली रानकोंबडी घेऊन घरी आला आणि ती त्याने वर्तमानपत्रावर ठेवली.

"मान मोडलीय," तो म्हणाला. "अंधारात सूर मारला असणार. खाली हिम नव्हतंच."

"किती सापडल्या?"

"आज सतरा." वैजयंतीचा चेहरा पाहून तो तिच्याजवळ येऊन बसला. "वैजू, मी तुला योजना थांबव म्हणत नाहीये. रुग्णालयात चारशे माणसं आहेत. मी फक्त मोजतोय. तू तुझं मोज, मी माझं मोजतो."

तिसऱ्या हिवाळ्यात भुयाराची भिंत उणे एक पूर्णांक आठवर आली. रुग्णालयाच्या तळमजल्यावरची भेग वाढायची थांबली. शहराने वैजयंतीचा सत्कार केला. श्रीरंग पहिल्या रांगेत बसला होता आणि टाळ्या थांबल्यावरही वाजवत होता.

त्याच हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी तो खोऱ्याच्या पूर्व कडेला मोजणीसाठी निघाला. तापमान उणे एक्कावन्न. अशा थंडीत उच्छ्वासाची, धुराड्यांची, गाड्यांच्या धुराची वाफ तत्काळ गोठते आणि खोऱ्यात हिमकणांचे धुके साचते. समोरचा माणूस दिसत नाही.

"चारपर्यंत येतो," तो म्हणाला. "रात्री पिठलं करू या. बेसन शिल्लक आहे."

चार वाजले, पाच वाजले. वैजयंतीने फोन केला, तो लागला नाही. साडेपाचला शोधपथक निघाले. धुक्यामुळे वाहने चालण्याच्या वेगाने जात होती. आठच्या सुमारास पथकाच्या कुत्र्यांनी त्याला शोधले, तेव्हा फार उशीर झाला होता.

न्युरगुन स्वतः सांगायला आले. गाडीतले इंधन नळीत गोठले होते. फोन थंडीने बंद पडला होता. श्रीरंगने रस्त्याकडेचे उरलेसुरले हिम हातांनी खरवडून गोळा केले होते. ढीग गुडघ्याएवढाही झाला नव्हता.

"एक मीटर हिम असतं तर त्यानं दिवसभर काढला असता," वैजयंती म्हणाली.



एका गोष्टीचे मात्र सगळ्यांना नवल वाटत होते. तेरा वर्षे इथे राहिलेला माणूस गाडी सोडून चालत का गेला? गाडीत निदान वारा लागत नाही, आणि पथकही आधी गाडीच शोधते. तो गाडीपासून तीनशे मीटरवर सापडला, उजव्या हातात मोजा नव्हता. डॉक्टर म्हणाले, गारठ्याने माणूस भ्रमिष्ट होतो, कपडे काढून टाकतो, भलतीकडे चालू लागतो. वैजयंतीने ते ऐकून घेतले. पथकाचा अहवाल तिने वाचला नाही. तिला तो वाचवेना.

चाळीस दिवसांनी ती कामावर आली. योजना बंद करावी असे तिच्या मनात हजारदा येऊन गेले होते. पण भुयारातल्या आकड्यांपुढे तो विचार टिकत नव्हता. यंत्रे रोजच्यासारखी हिम उचलत होती.

तिची सहायक तुयारा संकोचत म्हणाली, "तुमचं थोडं साचलंय. एक विचित्र गोष्टही आहे. सहाशे चौदा नंबरच्या स्तंभात दोन मीटरवर काहीतरी दिसतंय."

"किती?"

"अंशाचे दोन सहस्रांश. हळूहळू वाढले, आता उतरताहेत. शेजारच्या स्तंभांमध्ये काहीच नाही. तसा त्याचा वरचा संवेदक सदोषच आहे, आपण वगळलाय."

वैजयंतीने आलेख उघडला. दोन मीटरवरची ती बारीकशी चढण खरी वाटत होती. तिने एक मीटरवरचा संवेदक पाहिला. तिथे तीच चढण, पण कितीतरी दिवस आधी आणि ठसठशीत. अर्ध्या मीटरवर त्याहून आधी, त्याहून उंच. सदोष यंत्र असे वागत नाही. ही ऊब होती. ती वरून जमिनीत शिरली होती आणि मातीतून आपल्या संथ चालीने खाली उतरत होती. उघड्या जमिनीवर काहीतरी उबदार कितीतरी तास पडून राहिले होते.

"तुयारा, तो अहवाल दे मला. पथकाचा."

अहवालात एकच ओळ तिला हवी होती. मृतदेह लाल झेंड्याच्या काठीजवळ, स्तंभ क्रमांक सहाशे चौदा.

तिने त्या मंगळवारचे, जमिनीलगतच्या चकतीचे आकडे काढले. दुपारी दोनपर्यंत सरळ रेघ, उणे सत्तेचाळीस. मग दोन वाजून सहा मिनिटांनी ती झटक्यात वर गेली, उणे पाचवर. पाच मिनिटे तिथेच. मग खाली. पाच मिनिटांनी पुन्हा वर, पुन्हा पाच मिनिटे, पुन्हा खाली. वर, खाली. घड्याळ लावून ठेवावे तसे.

तुयारा तिच्या खांद्यावरून पाहत होती. "असं निसर्गात होत नाही," ती म्हणाली.

"नाही होत," वैजयंती म्हणाली. "तो हात आहे."

श्रीरंग भ्रमिष्ट झाला नव्हता. फोन बंद होता, हिम नव्हते, पण जमीन उघडी होती आणि तीनशे मीटरवर एक चकती होती, जिचा आकडा दर मिनिटाला त्याच्या बायकोपुढे जात होता. तेवढी एकच तार शहरापर्यंत पोहोचत होती. म्हणून त्याने गाडी सोडली. म्हणून मोजा काढला. गोठलेल्या धातूवर उघडा तळहात ठेवायचा, पाच मिनिटे दाबून धरायचा, उचलायचा, पुन्हा ठेवायचा. वैजूला कळेल, असे त्याला वाटले.

पडद्यावर त्या रेघेच्या शेजारी लहान अक्षरांत नोंद होती. दुपारी दोन वाजून एकतीस मिनिटांनी संवेदक वगळला. वगळणाऱ्याचे नाव, वै. ताम्हाणे. कारण, संवेदक सदोष, तार सैल असावी.

तिला ते आठवेना. दिवसाला असे दहा-बारा संवेदक ती वगळत असे. एका क्षणाचे काम. त्या दिवशीही डाव्या हातात चहाचा कप असेल.

वगळल्यावर आकडे तिच्या पडद्यावर यायचे थांबले होते, पण साठवले जात होतेच. ती पुढे पाहत गेली. तीन वाजता वर, खाली. साडेतीन. चार. मग पाच मिनिटांची आठ झाली, खालची वेळ वाढत गेली, चढण बुटकी होत गेली. पाच वाजून अकरा मिनिटांनी शेवटची. त्यानंतर रेघ उतरत राहिली, पुन्हा चढली नाही.

"तीन तास," वैजयंती म्हणाली.

"बाई, कुणीही वगळला असता," तुयारा रडत होती. "मीसुद्धा."

तुयाराने न्युरगुन यांना बोलावून आणले. ते टोपी हातात घेऊन दाराशीच उभे राहिले. आज पहाटे चार इंच हिम पडले होते आणि यंत्रे पूर्वेकडे निघायची होती. "पूर्व कडा आज राहू देऊ," ते हळूच म्हणाले. "एक दिवसानं काही बिघडत नाही."

"बिघडतं," वैजयंती म्हणाली. "काढा."

ते गेल्यावर तिने सहाशे चौदा क्रमांकाची नोंद उघडली. वगळलेला संवेदक पुन्हा मोजणीत घ्यायचा तर कारण लिहावे लागे. तिने जुने कारण पुसले.  मग तिने लिहिले, संवेदक ठीक होता.