बापाला उचलायचा व्यायाम

ती जिममध्ये घुसत होती, तिथला व्यायाम शिकवणारा मास्तर वजनं घेऊन बाहेर येत होता. दारातच धडक! गळ्यात मापाची टेप, केसांत दोऱ्याचे तुकडे, अशी ती शिंपीण. सगळ्यात जड व्यायाम कुठला, एवढंच तिनं विचारलं.

"आधी माझ्या पायावरून उतरा," मास्तर म्हणाला. "मग बघू."

फोनवर बघून आली होती ती. आठवड्याचे सहा दिवस घाम गाळायचा म्हणे. मास्तरनं विचारलं, घाई कसली? तेव्हा कळलं... बाप अर्धांगवायूनं पडलेला. पलंगावरून खुर्चीत घेताना तिच्या हातून निसटला. दादानं बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर बाबा आजारी माणसं सांभाळणाऱ्या संस्थेत जाणार.

मास्तरनं ते सहा दिवस पार मोडीत काढले. नवख्याला एक दिवस आड पुरे. मोजकेच व्यायाम, वजन हलकं, अंगवळणी पडलं की थोडं वाढवायचं. मधल्या दिवशी आराम, अंग तेव्हाच भरतं. आणि बाईला लावलं काय, तर खुर्चीवरून उठबस!

तिला कुठला दम? आरामाच्या दिवशी दुकानातले कापडाचे तागेच उचलत बसली. कंबर अशी धरली की सुईत दोरा ओवायलाही वाकता येईना.

दोन खेपा चुकल्या तसा मास्तर दुकानात हजर. म्हणे पँट उसवलीय. तिनं उलटीपालटी करून बघितली, टाका न् टाका शाबूत.

"कुठं उसवलीय?"

"उसवेल म्हटलं... पुढंमागं."

रागावला नाही गडी. कंबर सुटल्यावर पुन्हा खुर्चीपासून सुरुवात केली. जोर पायांतून घ्यायचा, पाठीतून नाही, हेच घोकत राहिला.

मग काही आठवड्यांनी एका सकाळी घरात तिची परीक्षा बघायला दादा उभा, मास्तर भिंतीशी. ती बाबांसमोर वाकली. मास्तरचा हात आपसूक पुढं गेला... तिनं नुसतं पाहिलं. त्यानं हात खिशात घातला. तिनं बापाला छातीशी घेतलं, पायांत जोर आणला, उठली, वळली आणि अलगद खुर्चीत बसवलं.

"शिंप्याची पोर..." वाकड्या तोंडानं बाबा पुटपुटले, "हमाल निघाली."

दादा पुढं झाला. बाबांच्या पायावर चादर तेवढी नीट केली. संस्थेचा विषय तिथंच मिटला.

ती मास्तरला दारापर्यंत सोडायला आली. तो चपलेत पाय घालत रेंगाळला.

"आता माझी गरज नाही तुम्हाला."

"नाहीच," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला.

"गरज होती तेव्हा बोलले असते, तर मतलबी वाटलं असतं," ती हळूच म्हणाली. "आता म्हणते... थांबा ना."