सात नंबरला काहीच जोडलेलं नव्हतं

बसा रे, असे जवळ सरकून बसा. लाइट काही इतक्यात येत नाही आणि तुमची पाळी बाराची आहे. तुम्ही पोरं कंट्रोल रूमला लागलात म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय मी घरातही काढत नाही. पस्तीस वर्षं इथल्या कारखान्यांत फिटर होतो. चिंतू फिटर थापा मारतो असं अजून कुणी म्हणालेलं नाही.

रूपेश सातपाटीचा. बापाची होडी होती, पण याला मासळीचा वास नको, म्हणून कॉम्प्युटर शिकला. कारखान्यांतले कॉम्प्युटर जोडून देणं हा त्याचा धंदा. ७ फेब्रुवारी २०२४, बुधवार. अमावस्या दोन दिवसांवर. संध्याकाळी सव्वासातला तो बोईसर स्टेशनाबाहेर आला. पाठीवर बॅग, बॅगेत नवाकोरा केव्हीएम स्विच. जुना काढायचा, नवा बसवायचा, साडेदहापर्यंत घरी.

केव्हीएम म्हणजे काय, विचारलंस? बरं केलंस. कपाटात कॉम्प्युटर चार, एकेका टाकीचा एकेक, पण माणसासमोर स्क्रीन एक, कीबोर्ड एक, माउस एक. मधे ही डबी. एकच सासू चार सुनांना कामाला लावते, तसं. स्क्रोल लॉक दोनदा दाबायचं, मग तीन. डबी टीं करते, तिसरा दिवा लागतो आणि तू तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर. प्रत्येक कॉम्प्युटरकडून दोन वायरी येतात, एक चित्राची, एक कीबोर्ड-माउसची. दोन्ही एकाच नंबरला लावायच्या. सगळं शहाणपण एवढंच.

दोन वर्षांपूर्वी रूपेशने ते पाळलं नव्हतं. वायरींना चिठ्ठ्या न लावता, फोनवर गप्पा मारत त्याने जुनी डबी जोडली आणि दोन-तीनच्या कीबोर्डच्या वायरींची अदलाबदल झाली. चित्र तीनचं दिसायचं, बटणं चालायची दोनवर. जोडून तो घरी गेला.

त्याच रात्री दोन नंबरच्या टाकीत जिवल्या उतरला. डोंगरातला माणूस. भातकापणी झाली की सफाईच्या कामाला खाली यायचा. टाकीतल्या माणसाची बोलायची रीत ठरलेली. पान्याने एक ठोका म्हणजे ठीक, तीन ठोके म्हणजे बाहेर काढा. आधी मोटरचा फ्यूज काढून ठेवायचीही रीत आहे, पण त्या रात्री घाईत तो काढला नव्हता. कंट्रोल रूममध्ये वाणगावचा कमलाकांत होता. त्याला तीन नंबरच्या टाकीतली माल ढवळायची पाती फिरवायची होती. त्याने तीन लावला, माउस हलवला. स्क्रीनवरचा बाण हलेना. त्याला वाटलं, कॉम्प्युटर अडकला. म्हणून त्याने कीबोर्डवरचं सुरूचं बटण दाबलं. एकदा, दोनदा, चारदा.

खालून तीन ठोके आले. मग ठोके थांबले.

जिवल्याला आम्ही फिटर लोकांनी बाहेर काढला. तीन गोणपाटं लागली. मला अजून मटण खाववत नाही.

पोलिसांआधी रूपेश पोचला. डबीच्या मागे हात घातला आणि त्याला सगळं कळलं. त्याने त्या वायरी गुपचूप सरळ केल्या. ठपका कमलाकांतवर आला, चोर सोडून संन्याशाला फाशी. टाकीची मोटर काढून नेली, झाकण आवळून त्यावर लाखेची मोहर मारली आणि केस पालघरच्या कोर्टात उभी राहिली. आठ तारखेला, म्हणजे त्या बुधवारच्या दुसऱ्याच दिवशी, रूपेशची साक्ष होती.

तर त्या बुधवारी स्टेशनाबाहेर कमलाकांतची बायको भावना रूपेशची वाट बघत उभी होती.

"रूपेशभाऊ, उद्या कोर्टात काय सांगाल?"

"मी काय सांगनार, वयनी? मशीन बरोबर होती."

"हे दोन वर्सं एकच बोलतात, बाण हलत नवता. झोपेतपन तेच. तुमी उद्या एकदा त्यांच्या तोंडाकडं बघा, आनि मंग काय ते बोला."

रूपेशने रिक्षाला हात केला. त्याला लाज वाटली, नाही असं नाही. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. खरं बोललो तर कमलाकांतच्या जागी आपण, हे त्याला ठाऊक होतं.

कारखाना त्या आठवड्यात बंद होता. गेटवर एक वॉचमन, बाकी चिटपाखरू नाही. रूपेशने या वेळी प्रत्येक वायरीला दोन दोन चिठ्ठ्या लावल्या. नवी डबी आठ नंबरांची, जोडलेले चारच. एक, दोन, तीन, चार, सगळे तपासले. सगळे चोख. जुनी डबी त्याने बॅगेत टाकली. जाताना खाडीत फेकायची, असं त्याने ठरवलं होतं. घड्याळात नऊ पन्नास.

टीं.

त्याने वळून पाहिलं. सातवा दिवा लागला होता.

सात नंबरला काहीच जोडलेलं नव्हतं. नवीन माल आहे, असेल काही खोट, असं म्हणून त्याने स्क्रोल लॉक दोनदा दाबलं, मग एक. टीं. पहिला दिवा लागला... आणि टीं. पुन्हा सात.

दार वाजलं. वॉचमन होता.

"साब, दो नंबर में कोई उतरा है क्या? अंदर से ठोक रहा है."

"हवा होगी," रूपेश म्हणाला. आपला आवाज आपल्यालाच ओळखू आला नाही, असं मला तो नंतर सांगत होता. वॉचमन गेला. दार लागलं.

ठक.

जमिनीतून आल्यासारखा. एक ठोका. म्हणजे ठीक.

स्क्रीनवर चित्र आलं. गोल, काळपट, ओलं. वरून टाकीत डोकावल्यासारखं. तळाशी एक माणूस बसला होता, पाठमोरा. निळा चौकड्याचा शर्ट.

रूपेशने स्वतःच्या बाहीकडे पाहिलं. निळ्या चौकड्या...

त्याने माउसवरचा हात उचलला. खाली त्या माणसानेही हात उचलला.

पाचावर धारण बसली. त्याने डबीच्या मागच्या वायरी उपटल्या. दोन्ही. सगळ्या. चित्र तसंच. मग घरघर सुरू झाली. मोटर नसलेल्या टाकीची घरघर. चित्रातली पाती हलली.

त्याने कीबोर्ड परत खोचला. बंदचं बटण दाबलं. एकदा. दोनदा. चारदा.

बाण हलेना.

दाराकडे धावला. दार उघडेना. स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि दारावर ठोकले. तीन ठोके.

बाहेर कुणी आलं नाही. तो परत टेबलापाशी आला.

स्क्रीनवरच्या माणसाने मान वर केली. चेहरा रूपेशचाच. आणि त्याच्या मागे... आणखी कुणीतरी उभं होतं. सगळे तुकडे जागेवर नव्हते.

मनगट धरलं गेलं. थंड. ओलं. उजवा हात टेबलावरून ओढला गेला. पुढे. स्क्रीनकडे. कुणी दिसत नव्हतं. फक्त पकड. हाड मोडल्याचा आवाज त्याने आधी ऐकला, कळ नंतर आली. रक्त भिंतीवर उडालं. पाती पुन्हा फिरून आली. दुसऱ्यांदा...

"बाण हलत नवता," रूपेश किंचाळला. "कमलाकांत खरं बोलतो. वायरी मी उलट्या लावल्या. मी लावल्या, जिवल्या, मी..."

घरघर थांबली.

वॉचमनने दार फोडलं तेव्हा तो जमिनीवर पडला होता. उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेली होती, ज्यांनी तो बटणं दाबायचा तीच. पालघरच्या दवाखान्यात पहाटे शुद्ध आली, तेव्हा त्याने पाणीसुद्धा मागितलं नाही. आधी पोलिसाला बोलवा म्हणाला आणि सगळं लिहून दिलं. कमलाकांत सुटला. कोर्टाच्या पायरीवर भावना रडत होती, मी तिथेच होतो. रूपेशवर केस चालू आहे, आणि तो ती नाकारत नाही.

बोटं मात्र सापडली नाहीत. टेबलाखाली पाहिलं, कपाट सरकवलं, खोली झाडून काढली. नाहीत.

महिन्याने कोर्टाच्या हुकमाने दोन नंबरची टाकी उघडायची ठरली. बोल्ट काढायला मला बोलावलं. पंचांनी आधी मोहर तपासली. शाबूत होती. लाख मी माझ्या हाताने फोडली. बोल्ट गंजून धरलेले, एकेकाला तेल पाजावं लागलं. झाकण उचललं आणि मी आत बॅटरी मारली.

पात्यावर दोन बोटं होती. महिना उलटून गेला होता, आणि रक्त अजून ओलं होतं.