दोन डाव्या बाह्या

दार खांद्याने ढकलून मी थेट आत गेले, अगदी स्वतःच्या घरात शिरावं तशी. समोर एक तरुण उभा होता. एका गालाला साबणाचा फेस, हातात वस्तरा आणि डोळ्यांत नुसतं कुतूहल.

"या," तो म्हणाला. "काय होतंय? खात नाहीये, की चावत सुटलंय?"

"कोण?"

"मांजर. की कुत्रं आहे?"

"माझ्याकडे कुत्रं नाही आणि मांजरही नाही. ही माझी खोली आहे!" मी म्हणाले आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे... होती."

त्याने शांतपणे वस्तरा खाली ठेवला, टॉवेल घेतला आणि नेमका कोरडा गाल पुसला. फेसाचा गाल तसाच राहिला. मला हसू आवरेना. तोही हसला आणि माझ्या मनात आलं – बरं दिसतं हे ध्यान.

खाली माझ्या दोन मैत्रिणींचं शिवणकामाचं दुकान आहे. एक ढब्बू आणि दुसरी भिंगरी. त्यांची खरी नावं त्यांच्या आयांनाच आठवत असतील. मी त्यांच्याकडे कापड बेतायची, म्हणून माझं नाव कात्री. दिवसभर दुकानात कापायचं आणि झोपायला वर, अशी चार वर्षं काढली. मग शहरातल्या तयार कपड्यांच्या एका मोठ्या कंपनीने बोलावलं आणि मी गेले. आता तीन वर्षांनी दोघींना भेटायला आले, तर जेवणाच्या सुट्टीत दुकान बंद, आणि पाय आपले सवयीने जिना चढलेले. वर डॉक्टर राहायला आलेत हे भिंगरीने फोनवर सांगितलं होतं; पण ते जनावरांचे डॉक्टर आहेत आणि त्यांच्या डोक्यावर इतके दाट केस आहेत, हे काही ती बोलली नव्हती.

"काय सांगायचं त्यात?" दुकान उघडल्यावर ती म्हणाली. "तुला काय त्यांचे केस कापायचेत?"

"केस नको, कोट काप," ढब्बूने एक गठ्ठा माझ्या पुढ्यात टाकला. "आमची कापणारी बाळंतपणाला गेलीय आणि डॉक्टरांना सोमवारी कोट घालायचाय. हात चालतो का गं अजून, की साहेबीण झालीस?"

"माझा हात झोपेतही चुकत नाही," मी म्हणाले. हे मी उगाच म्हणत नाही. माझ्या कापण्यात कुणी खोट काढलेली मला आठवत नाही.

संध्याकाळी डॉक्टर मापाला आले. दोन्ही गाल स्वच्छ, अंगात इस्त्रीचा शर्ट. मी टेप घेऊन पाठीमागे उभी राहिले. जंतुनाशकाचा आणि पावसाने भिजलेल्या गवताचा वास एकदमच आला.

"छाती फुगवू नका."

"फुगवलेली नाही."

"मग श्वास सोडा. किती वेळ धरून ठेवणार?"

त्यांनी श्वास सोडला आणि कान लाल झाले. भिंगरीने मशीन इतक्या जोरात फिरवलं, की तिचं हसू ऐकू येऊ नये म्हणूनच ते होतं हे कळत होतं.

"कोट कशासाठी?" हाताचं माप घेताना मी विचारलं. मनगटावर मांजराचा ताजा ओरखडा होता. टेप तिथे मी जरा हलकेच टेकवला.

"सोमवारी धाकट्या बहिणीचं लग्न आहे. आणि..." ते थांबले. "आईने एक मुलगी हेरून ठेवलीय. तीही लग्नाला येणार आहे. बोल, बघ आणि तिथल्या तिथे काय ते सांग, असा हुकूम आहे."

"मग काय सांगणार?"

"हो म्हणेन बहुतेक. मुलगी चांगलीच असणार, आईची पारख चुकत नाही. आणि नाही म्हणायला माझ्याकडे कारण कुठंय?" ते आरशातून माझ्याकडे बघत राहिले. "की आहे?"

"हात सरळ ठेवा," मी म्हणाले.

दुसरा दिवस म्हणजे शनिवार. खरं तर मैत्रिणींबरोबर गावभर भटकायचं ठरलं होतं, पण मी म्हटलं, आधी कोट. डॉक्टर दवाखान्यातून मध्येच आले, पाऊस थांबेपर्यंत बसतो म्हणाले आणि पाऊस थांबल्यावरही बसलेच. कोंबड्याला इंजेक्शन देताना तो कसा त्यांच्याच डोक्यावर चढला, हे त्यांनी उभं राहून करून दाखवलं. मी हसत हसत कापत होते. कापड बेताचंच आणलेलं. दुपदरी घडी बसत नव्हती, म्हणून एकेक बाही सुटी कापायची होती.

"शहरात करमतं?" त्यांनी विचारलं.

"छान करमतं. माझ्या हाताखाली वीस जण आहेत."

"आणि संध्याकाळी?"

हातातली कात्री क्षणभर थांबली. संध्याकाळचं असं मला कुणी विचारत नाही, हे मला तेव्हाच पहिल्यांदा जाणवलं.

"संध्याकाळी पाय दुखतात," मी म्हणाले.

"माझ्याकडे घोड्यांचं मलम आहे. रामबाण."

"आधी घोडीला विचारा!" भिंगरी मशीनवरून ओरडली. मी तिच्या अंगावर चिंधी फेकली.

रविवारी सकाळी ढब्बू बाह्या जोडायला बसली. एक जोडली. दुसरी उचलली, खांद्याला लावून पाहिली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मग जोडलेली उसवली आणि दोन्ही बाह्या माझ्यासमोर टेबलावर ठेवल्या.

दोन्ही डाव्या होत्या.

एकपदरी कापडावर दुसरी बाही कापताना बाहीच्या आकाराचा कागद उलटा ठेवायचा असतो. शिकाऊ पोरीलाही पहिल्या आठवड्यात हे सांगतात. मी तो तसाच ठेवला होता. कापडाची एकच बाजू सुलटी, आणि उरलेल्या तुकड्यात रुमालही निघाला नसता.

दोघी पोट धरधरून हसल्या.

"मुद्दाम केलंस!" भिंगरीने डोळे पुसले. "त्या मुलीसमोर जाऊच नये म्हणून!"

"मुद्दाम नाही गं," मी म्हणाले, आणि माझा आवाज असा आला की दोघींचं हसू थांबलं.

ढब्बू माझ्याजवळ येऊन बसली. "तुझ्या हातून रडतानासुद्धा कधी चूक झाली नव्हती. तुझी आई गेली तेव्हा चौथ्या दिवशी तू कापायला उभी राहिलीस, तेव्हाही नाही. मग आज काय झालं?"

त्या माणसाला मी दोन दिवसांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं होतं. उद्या तो मी बेतलेले कपडे घालून दुसऱ्या मुलीसमोर उभा राहणार होता, आणि ते मला अजिबात सहन होत नव्हतं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

"कोट विसरा," मी उठले. "बिनबाह्यांचं जाकीट करते. पाठीला चुण्या घेते, डॉक्टर नवरदेवापेक्षा उठून दिसतील."

दुपारी डॉक्टर जाकीट घालून आरशासमोर उभे राहिले. खरंच उठून दिसत होते. ढब्बू आणि भिंगरी दोघींनाही अचानक बाजारात काम निघालं. मी गुडघे टेकून खालची कड बसवत होते आणि तोंडात टाचण्या धरल्या होत्या.

"कोटाचं जाकीट का झालं?" त्यांनी विचारलं.

"उं," मी म्हणाले.

"गाडी कितीची तुमची?"

"उं."

"माझी चारची आहे. म्हणजे... आता पुन्हा भेट कधी?"

तोंडात टाचण्या असताना प्रेम कबूल करता येत नाही. मी एकेक टाचणी काढून उशीत खोचली. मग उभी राहिले, कारण असली गोष्ट मी गुडघ्यावर बसून सांगणार नव्हते.

"तुमच्या कोटाच्या दोन्ही बाह्या मी डाव्या कापल्या, डॉक्टर. असं माझ्या हातून कधी होत नाही. झालं, कारण मी कापडाकडे बघतच नव्हते. तुमच्याकडे बघत होते. परवा तुम्ही विचारलंत ना, नाही म्हणायला कारण आहे का? आहे. मी आहे. उद्या त्या मुलीला नाही म्हणा."

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. मान मी ताठच ठेवली.

"आणि एक सांगून ठेवते," मी पुढे म्हणाले, "माझी नोकरी मी सोडणार नाही."

"जनावरं शहरातही आजारी पडतात." मग त्यांनी माझ्या केसांत अडकलेला दोरा अलगद काढला. "तू... आत्ता बोलली नसतीस ना, तर मी गाडीत बसून वाटभर पस्तावलो असतो. मला काल रात्रीपासून धीर होत नव्हता."

"जनावरांना घाबरत नाही आणि मला घाबरता?"

"जनावरं तोंडात टाचण्या धरत नाहीत." ते हसले आणि लगेच गंभीर झाले. "आईला कारण काय सांगू? दोन दिवसांची ओळख म्हटलं तर ती मला वेड्यात काढेल."

"बाह्यांचं सांगा. जे झालं तेच सांगा."

ते चारच्या गाडीने गेले. मी माझी सुट्टी एका दिवसाने वाढवली. शहरात गेल्यावर एकटीने तो फोन घ्यायचा, हे मला जमलं नसतं. सोमवारी सकाळपासून आम्ही तिघी दुकानात होतो आणि कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. भिंगरीने एका सदऱ्याला काजं चुकीच्या बाजूला केली, तरी ढब्बू तिला रागावली नाही.

दुपारी फोन वाजला. पलीकडे लग्नघरातला कल्लोळ.

"सांगितलं," ते म्हणाले. "आई तुझ्याशीच बोलायचं म्हणतेय. घे."

मी खुर्चीत नीट बसले. ढब्बूने माझा हात घट्ट धरला.

"मी याची आई," करडा आवाज आला. "हा म्हणतो ते खरं का? दोन्ही डाव्या?"

"हो."

"कापड चांगलं होतं?"

"चांगलं होतं. फुकट गेलं."

"आणि नेहमी चुकतेस अशी?"

"कधीच नाही. ही पहिली वेळ."

मग फोन तोंडापासून लांब धरल्याचा आवाज, आणि त्या कुणाला तरी हाक मारून म्हणाल्या, "अगं, त्या मुलीच्या आईला जरा बाजूला बोलाव. म्हणावं, माफ करा, आमच्याकडे ठरलंय."