येतो, मावशी

वीज यायला अजून वेळ आहे, तोवर ऐका. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या सख्ख्या भाच्याची आहे, कल्याण त्याचं नाव. गेल्या पौषातली अमावस्या, वार रविवार, रात्रीचे साडेनऊ.

कल्याण मुंबईच्या अणुभट्टीत संशोधन करतो. कशावर म्हणाल, तर दगडातल्या पाण्यावर. न्यूट्रॉन नावाचे बारीक कण दगडावर सोडायचे. दगडातून ते बहुतेक निघून जातात, पण पाणी भेटलं की विखुरतात. कसे विखुरले त्यावरून कळतं, दगडाच्या भोकांतलं पाणी हिंडतंय की अडकून पडलंय. आम्हाला रानात पाणी सापडेना आणि हा दगडात शोधतोय, म्हणून मी त्याची लई थट्टा केली. पण वर्षभर ताटकळल्यावर त्याला त्या यंत्रावर पाळी मिळाली होती. सकाळी पोचला नाही, तर सगळं मुसळ केरात.

त्याला हवा होता आटलेल्या बारवेचा भोकाभोकांचा काळा दगड. पुणतांब्याबाहेरची आपली जुनी पायऱ्यांची बारव, तिचा. फार वर्षांपूर्वी विजयमाला नावाची एक सून तिच्यात बुडून गेली. पुढं पाणी आटलं, लोकांनी तळ उकरून बघितला... तिचं काहीच मिळालं नाही. रात्रीचं जाऊ नको म्हणून मी सांगितलं. पण रातच्या गाडीनं मुंबई गाठायची होती त्याला. माझी मोटरसायकल घेतली आणि निघाला.

दगड पटकन निघाला. पायऱ्या चढून वर आला, तर कठड्यावर एक बाई बसलेली, डोक्यावरून पदर. कुणाच्या तरी रानातली राखणदार असेल, असं त्याला वाटलं.

"निगालास का?" तिनं विचारलं.

"व्हय मावशी, येतो."

आता आपल्यात निघताना 'जातो' कोण म्हणतं? ते कायमचं जाणाऱ्यानं म्हणायचं. पोराच्या तोंडात बसलेला शब्द, तो निघून गेला.

"ये," ती म्हणाली. "वाट बघते."

स्टेशन जवळच. सरळ रस्ता, दोन्हीकडे ऊस. ऊस संपला आणि समोर कठडा आला. बारवेचा. आपणच चुकलो म्हणून त्यानं गाडी वळवली. पुन्हा ऊस. पुन्हा कठडा. मोबाईलला रेंज नाही. स्टेशनातली शिट्टी ऐकू येत होती, अगदी शेजारून. पण तिकडं जाणारा रस्ताच सापडेना. ऊस दोन्हीकडून अंगाला लागायला लागला. त्याला रडू आलं.

पुन्हा कठडा. गाडी बंद पडली.

"आलास?"

त्यानं पिशवीतला दगड काढला. कठड्यावर ठेवायला गेला.

"दगुड ऱ्हाऊ दे तुज्याकडं. तू येतो म्हनला हुतास."

तेव्हा त्याला उमगलं. आईनं कधी उच्चारू दिला नव्हता, तो शब्द त्यानं कसाबसा काढला.

"मावशी... जातो."



रातकिडेसुद्धा गप्प.

मग ती म्हणाली, "चल."

गाडी सुरू झाली. रस्ता सरळ स्टेशनात गेला. कल्याण मुंबईला पोचला, दगड यंत्रावर चढला. त्याच्या एकाही भोकात पाणी निघालं नाही. असं होत नाही म्हणे. कितीही कोरड्या दगडात थोडं अडकलेलं राहतंच.

सकाळी मी स्टेशनावरून मोटरसायकल आणली. आता वैशाख चाललाय. रोज तिला उन्हात लावतो. पुढं बसलं की चटका बसतो. मागच्या सीटवर हात दाबला की... अजून पाणी वर येतं.