बिब्ब्याचं न दिसणारं तेल

केतकीच्या पायाला प्लॅस्टर होतं. आठवडाभर तिने बागेत पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. तरीही त्या सकाळी तिच्या पाठीवर, मानेवर आणि उजव्या गुडघ्याच्या मागे लाल चट्टे उठले. दुपारपर्यंत त्यांत पाणी भरलं आणि खाजेने ती रडकुंडीला आली.

"कांजिण्या असतील," आई घाबरून म्हणाली. तान्ह्या भावाला, ओजसला, लागण होऊ नये म्हणून तिने केतकीला मागच्या खोलीत ठेवलं. भिंतीपलीकडून बाळाचं रडणं ऐकू यायचं आणि केतकीचा जीव तुटायचा.

संध्याकाळी चिपळूणहून आजोबा आले. ते वनस्पतींचे शास्त्रज्ञ. चट्टे बघून ते म्हणाले, "कांजिण्या अशा पट्ट्यापट्ट्याने येत नाहीत गं. तुला कुणी उचलून नेलं का?"

"रानूने. परवा त्याने मला उचलून ओटीवर बसवलं होतं."

रानू म्हणजे घरचा माळीकाम करणारा यंत्रमानव. आजोबांनी त्याला बोलावून पिशवीतला, झाडांचा चीक चमकवणारा फवारा त्याच्या हातांवर मारला आणि निळा दिवा धरला. रानूचे दोन्ही हात काजव्यासारखे चमकू लागले!

"त्या दिवशी बागेत काय तोडलंस रे?"

"कुंपणाजवळची रानटी रोपं," रानू म्हणाला. "पानं मोठी, चीक काळा पडणारा. मला काहीच झालं नाही."

"तुला कातडी कुठेय, बाबा! तो बिब्बा होता. त्याच्या चिकात एक तेल असतं. अमेरिकेतल्या बागांमध्ये पॉयझन आयव्ही नावाची वेल असते, तिच्यातही अगदी असंच तेल. दोन्ही एकाच कुळातल्या वनस्पती. आपला आंबाही त्याच कुळातला, म्हणून त्याचा चीक लागला की अंगावर उततो."

"पण तेल लागलं परवा आणि चट्टे आज कसे?" केतकीने विचारलं.

"तेल कातडीत मुरतं आणि तिथल्या प्रथिनांना (शरीर ज्यांनी घडतं त्या घटकांना) चिकटतं. मग आपल्या रक्षक पेशींना (रोगांशी लढणाऱ्या सूक्ष्म शिपायांना) स्वतःचीच कातडी परकी वाटते. त्या जमा होऊन हल्ला करतात. फौज गोळा व्हायला वेळ लागतो ना? या चुकीच्या लढाईलाच अ‍ॅलर्जी म्हणतात."

"म्हणजे माझ्यामुळे ओजसला काही होणार नाही?"

"फोडांतल्या पाण्याने मुळीच नाही. पसरतं ते तेल. ते कपड्यांवर, कोयत्यावर महिनोन् महिने टिकतं. आगीत टाकलं तर आणखी वाईट, धुराबरोबर थेट छातीत जातं."

केतकी दचकून उठून बसली. खिडकीतून तिला बागेत रचलेला, रानूने तोडलेल्या रोपांचा आणि पालापाचोळ्याचा ढीग दिसला. शेजारी बाबा काडेपेटी हातात घेऊन उभे होते.

"बाबा, काडी ओढू नका!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "त्यात बिब्बा आहे!"

बाबांचा हात हवेतच थांबला. रानू धावत गेला आणि त्याने काडेपेटी काढून घेतली. आईने ओटीवरूनच डोळे मिटून हुश्श केलं.

मग सगळे कामाला लागले. रानूने तो ढीग खोल खड्ड्यात पुरला. बाबांनी हातमोजे घालून, साबण लावून कोयता आणि रानूचे हात घासले. आईने केतकीचे कपडे आणि चादरी वेगळ्या धुवायला टाकल्या, तिला साबणाने स्वच्छ अंग पुसायला लावलं आणि डॉक्टरांना विचारून चट्ट्यांवर थंड लेप लावला. आजोबांनी पुन्हा फवारा मारून निळा दिवा सगळीकडे फिरवला. आता कुठेच काही चमकलं नाही. तेव्हा आईने ओजसला आणून केतकीच्या मांडीवर दिलं. त्याने तिचं बोट घट्ट धरलं.

"आजोबा," केतकी हळूच म्हणाली, "त्या रक्षक पेशींना समजावता येणार नाही का, की हा शत्रू नाही म्हणून?"

आजोबा म्हणाले, "आम्ही प्रयोगशाळेत तेच करू बघतोय. अजून जमलेलं नाही."

"मग मी मोठी होईपर्यंत थोडं काम माझ्यासाठी शिल्लक ठेवा," केतकी म्हणाली आणि आजोबा खो खो हसले.