कोणी राहिलंय का?

"कोणी राहिलंय का…?"

झाकण लावण्याआधी गटारात वाकून ही हाक मारायची, हा पालिकेच्या गटार खात्याचा जुना शिरस्ता. आत कुणी उतरलेलं असो वा नसो. कधीकाळी म्हणे एक माणूस आतच राहून गेला आणि वरून झाकण बसलं. तेव्हापासून हाक मारल्याशिवाय झाकण लावायचं नाही, आणि उत्तर आलं तर मुळीच लावायचं नाही. उत्तर कशाला येतंय म्हणा! मुकादम "सगळे वर!" म्हणून ओरडायचा आणि लोखंडी झाकण धाडकन बसायचं.

त्या दुपारी हाक पूरबाईने मारली, आणि उत्तर आलं.

"मी राहिलोय…"

पुरुषाचा आवाज. शांत, किंचित थट्टेखोर… आणि फार खोलवरून आलेला.

पूरबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिला ऑफिसात सगळे पूरबाईच म्हणत, कारण शहराच्या पुराचा आराखडा तिच्याकडे होता. तिने मागे वळून माणसं मोजली. सगळे वर होते. मुकादमाचा चेहरा पांढराफटक.

"मॅडम, झाका ते. आपल्यातलं कोणी नाही ना? मग ज्याचं असेल त्याला राहू द्या तिथं."

"वा! आणि आत खरंच कोणी असेल तर?"

दोरीला कॅमेरा बांधून आत सोडला. दिसलं ते एवढंच – विटांची जुनी कमान, काळं पाणी आणि पुढे अंधार. पुन्हा हाक मारली, तर चिडीचूप. शेवटी झाकण बसलं. पण पूरबाईचं मन काही बसेना.

आता गंमत अशी की हा भुयारी नाला कागदोपत्री मेलेला होता. नकाशावर त्याच्यावर लाल अक्षरात लिहिलं होतं – 'मृत'. पुढच्या आठवड्यात साहेब त्यात काँक्रीट ओतणार होते आणि त्यावरून मैलापाण्याची नवी वाहिनी जाणार होती. नदीत मिसळणारी घाण त्यामुळे थांबणार होती, म्हणून साहेबांना भारी घाई. नाला खरंच मेलेला असेल तर उत्तमच. पण जिवंत असेल तर? तर पावसाचं पाणी वाट शोधत खालच्या वस्तीतल्या घराघरांत वर येणार. आणि मेलेल्या नाल्यातून आवाज येतो कसा? आवाज आला म्हणजे पुढे कुठेतरी तोंड उघडं आहे. पूरबाईला भुतापेक्षा या विचाराने जास्त धडकी भरली.

त्यातच संध्याकाळी आईचा फोन. "धाकटीचंही झालं आता. सगळे विचारतात, थोरली राहिली का म्हणून."

"आई, हा शब्द आज नको गं… प्लीज!"

दुसऱ्या दिवशी पहाटेच तिने नाल्यात हिरवा रंग ओतला. निरुपद्रवी, पण भडक. पाणी जिथे जाईल तिथे रंग दिसेल. नदीकाठी माणसं बसवली, दुपारपर्यंत टक लावून पाहिलं. नदी जशीच्या तशी, मळकट. साहेब फोनवर म्हणाले, "बघा, मेलेलाच आहे."

भुरभुर पाऊस सुरू झाला. ती खालच्या वस्तीत एका वळणावर छत्री सावरत उभी होती, तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "हे तुमचं काम का?"

ती वळली आणि किंचाळलीच. समोर दातांचा जबडा. पोपटासारखा हिरवागार!

"घाबरू नका, चावत नाही." जबड्यामागून एक चेहरा डोकावला. कपाळावर प्लास्टरची पावडर, पापण्यांवर पाऊस, आणि डोळ्यांत नुसता खोडकरपणा. "मी कवळ्या बनवतो. हा साचा सकाळी विहिरीच्या पाण्याने धुतला, तर हा असा झाला. तुमचे मात्र खरे आहेत… लांबूनच कळतंय."

पूरबाईने ओठ मिटून घेतले. आणि मग तिच्या लक्षात आलं… हा आवाज!

"एक मिनिट. 'मी राहिलोय' असं म्हणा बरं."

"पहिल्याच भेटीत?" तो हसला. "हे सहसा मुलीकडची मोठी माणसं विचारतात." पण मग त्याचंही हसू विरलं. तो तिच्याकडे टक लावून पाहत राहिला. "तुम्ही… तुम्ही म्हणा. 'कोणी राहिलंय का.' एकदाच म्हणा."

ती म्हणाली. त्याच्या हातातला जबडा खाली पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले.

त्याचं दुकान घराच्या तळघरात. पायऱ्या उतरताना हवा गार होत गेली. फळ्यांवर कवळ्याच कवळ्या, सगळ्या हसणाऱ्या, आणि त्यांच्यात एकही चेहरा नाही. कोपऱ्यात जाळी टाकलेली विहीर. आत पाणी हिरवं… आणि ते हलत होतं. अगदी सावकाश, एका बाजूने दुसऱ्या बाजूला. नाला जिवंत होता. तो या घराखालून चालला होता.

"तोंडात जायच्या वस्तूला नळाचंच पाणी हं," तो घाईघाईने म्हणाला. "नाहीतर नोटीस द्याल."

"नोटीस नंतर. आधी सांगा, काल उत्तर का दिलंत?"

तो जाळीकडे पाहत बोलू लागला. "शाळेत नुकता जायला लागलो होतो. आई बाहेर गेलेली, मी इथे खेळत होतो. पाऊस झाला आणि विहीर वर आली. दिवा गेला. मी नुसता रडत होतो… तेवढ्यात पाण्यातून एक बाई म्हणाली, 'कोणी राहिलंय का?' मी म्हटलं, 'मी.' मग ती आणखी काहीतरी म्हणाली. तिने सांगितलं तसं केलं म्हणून वाचलो."

"काय म्हणाली?"

"ते नाही सांगणार. आईलाही नाही सांगितलं. तिने तर शपथ घातली होती, विहिरीला पुन्हा उत्तर द्यायचं नाही. आता आई नाही. घर खायला उठतं. काल तो आवाज पुन्हा आला, आणि… राहवलं नाही." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तोच आवाज होता. तुमचा."

"काहीतरीच! मी तेव्हा स्वतःच फ्रॉकमध्ये असेन."

"तुमच्या आधी खात्यात कोणी बाई होती?"

संध्याकाळी तिने मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, "छे हो! या कामावर पहिली बाई तुम्हीच." पूरबाईला त्या रात्री झोप लागली नाही. भीतीने की आणखी कशाने, हे तिचं तिलाही सांगता येईना.

मग ती रोज तळघरात जाऊ लागली. पाण्याची पातळी मोजायला, अर्थातच! तो चहा करायचा. कवळ्यांकडे पाठ करून दोघं पायरीवर बसायचे.

"ती काय म्हणाली, ते सांगा ना."

"जी ते शब्द मला आपणहून सांगेल, तिलाच सांगणार."

"सांगणारीलाच सांगणार? आणि ही काय लग्नाची अट आहे?"

"समजा… तसंच समजा." त्याने तिच्या कपात थोडा चहा आणखी ओतला. पाणी खाली सळसळत होतं. तिला घरी जावंसं वाटेना.

साहेबांना मात्र हिरव्या रंगाने काही पाझर फुटेना. "शेवाळाने पण पाणी हिरवं होतं हो! उद्या काँक्रीटच्या गाड्या येणार." तेव्हा पूरबाईने शेवटचा डाव टाकला. साहेबांनी स्वतः विहिरीशी उभं राहायचं. ती वरच्या झाकणापाशी जाऊन हाक मारेल. हाक विहिरीत पोहोचली तर नाला सलग आहे, आणि काँक्रीट रद्द.

"नाही पोहोचली तर?"

"तर मी गप्प बसेन."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आभाळ भरून आलं. काँक्रीटच्या गाड्या रस्त्याकडेला गुरगुरत उभ्या. साहेब आणि तो तळघरात. इकडे झाकण काही हलेना! मुकादमाने आकडा लावला, पहार लावली, घाम गाळला. रंग ओतताना सहज निघालेलं झाकण आज जागचं हललं नाही. आज हाक गेली नाही तर त्या घराखालची वाट कायमची बुजणार, आणि पहिल्या मोठ्या पावसात ते तळघर… ती पुढचा विचार करू शकली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. साहेब. आवाज थरथरत होता.

"पुरे! पुरे झालं, ऐकू आलं. अगदी स्पष्ट. गाड्या परत पाठवा. नाला उघडा ठेवू, आराखडा बदला… आणि मला या दातांमधून बाहेर पडू द्या!"

फोन बंद झाला. झाकण अजून बंदच होतं. तिने तर तोंडही उघडलं नव्हतं.

मुकादमाने पहार खाली टाकली. "मॅडम, आपलं काम झालं. चला इथून. हात जोडतो."

ती हलली नाही. जी हाक ऐकू गेली, ती अजून कोणी मारलीच नव्हती. म्हणजे मारायची राहिली होती… आणि ती मारल्याशिवाय निघायचं नाही, हा तर शिरस्ताच.

"पुन्हा एकदा लावा पहार."

आणि काय आश्चर्य! या खेपेला झाकण अलगद निघालं, जसं कुणी आतून उचलून दिलं. तिने वाकून अंधारात हाक मारली.

"कोणी राहिलंय का…?"

थोडा वेळ फक्त पाणी. मग अगदी बारीक, रडवेला, एका लहान मुलाचा आवाज आला.

"मी…"

मुकादम देवाचं नाव घेत मागे सरला. पूरबाई मात्र गुडघ्यांवर बसली. तिची भीती कुठल्या कुठे पळाली. उरलं ते एवढंच की एक मूल अंधारात एकटं आहे आणि पाणी चढतंय.

"रडू नकोस रे राजा," ती म्हणाली. "वरच्या पायरीवर जाऊन बस. तिथे पाणी येत नाही, मी मोजलंय. घाबरू नकोस… मी येतेय. जरा वेळ लागेल."

मग ती उठली आणि पावसातून धावत सुटली.

साहेब केव्हाच निघून गेले होते. तो तळघराच्या वरच्या पायरीवर बसला होता. चेहरा उतरलेला, हात गार. तिला पाहून तो उठायला गेला.

"ऐक, आज साहेबांसमोर जे झालं… मी तुला आता सांगतोच, त्या दिवशी ती बाई काय…"

"थांब," ती धापा टाकत म्हणाली. "मी सांगते." आणि त्याचे गार हात आपल्या ओल्या हातांत घेऊन तिने सांगितलं. रडू नकोस, पासून सगळं. शब्द न् शब्द.

त्याचे डोळे भरून आले. खाली कवळ्या हसत होत्या, आणि पाणी आपल्या वाटेने सावकाश चाललं होतं.

"इतका वेळ?" शेवटी तो म्हणाला. "तुझ्यासाठीच राहिलो होतो गं मी."

ती त्याच्या शेजारी टेकली. खांद्याला खांदा लागला.

"सांगितलं होतं ना," ती म्हणाली, "जरा वेळ लागेल म्हणून."