कुंकवाची अकरा मतं

मोरणे नगरपंचायतीच्या मतमोजणीत दहा वाजता चहा आला आणि सव्वादहाला इंदुमती शेडबाळेंच्या मनगटावरची पट्टी पिवळी झाली.

"काकी, पिवळं पडलं की!" समोर बसलेल्या रियाज मुजावरनं टाळीच वाजवली. तो शिडीवाल्यांचा प्रतिनिधी. "बघा, बघा. मनात बंब तापला!"

"तुझ्या तोंडात बिस्किट आहे, ते आधी गीळ," इंदुमती म्हणाल्या आणि मतपत्रिका शेजारच्या टेबलाकडे सरकवली. तक्रार नव्हतीच. पिवळं म्हणजे पिवळं.

मतपत्रिका २१८
यंत्राचा अंदाज: बंब ५४ टक्के, शिडी ४६ टक्के
पंचाचा निर्णय: बंब
पट्टी: पिवळी
पुढे: टेबल दोन

इंदुमतीबाई सत्तावीस वर्षं लोकनिर्धार पक्षात होत्या. बंब हे त्यांच्या पक्षाचं चिन्ह. भिंतीवर बंब रंगवायचा तर त्याची तोटी डावीकडे असावी की उजवीकडे, यावरून त्या एकदा पेंटरशी दोन तास भांडल्या होत्या. अशी बाई मतमोजणीच्या टेबलावर पंच म्हणून बसते, हे पूर्वी कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. पण दरम्यान काळ बदलला होता. तटस्थ माणूस म्हणून जो नेमावा त्याच्यावर दोन्ही बाजू संशय घेत, कोर्टात जात आणि निकाल दीड-दीड वर्ष लोंबकळत. शेवटी कायद्यानं तटस्थ माणूस शोधणंच सोडून दिलं. पंच उघडपणे पक्षाचा घ्यायचा, दोन टेबलांवर दोन पक्षांचे दोन, आणि दोघांच्या मनगटाला कलपट्टी बांधायची.

कलपट्टी माणसाचा कल मोजते. सकाळी बांधताना ती तासभर शिकून घेते. तुम्हाला तुमच्या नेत्याचा फोटो दाखवते, विरोधकाचा दाखवते, तुमच्याकडून चार खोटी वाक्यं वदवून घेते. नाडी, घाम, बोटांची थरथर, सगळं टिपते. मग डोळ्यांना एक दिसत असताना जीव दुसरीकडे ओढ घेऊ लागला की ती पिवळी होते आणि तो निर्णय दुसऱ्या टेबलावर जातो. दंड नाही, बोभाटा नाही. इंदुमतींना तिचा फार आधार वाटे. निवडणुकीत पहिल्यांदाच त्यांना स्वतःवर नजर ठेवावी लागत नव्हती. ते काम पट्टी करत होती.

बाकीची मतं यंत्रच मोजत होतं. मतपत्रिकेवर चिन्हं छापलेली, त्यातल्या एकावर बोट दाबायचं, कागद तेवढ्या जागी निळा होतो. कुठे दाबलं आणि किती जोरात दाबलं, हे कागद लक्षात ठेवतो. कुणी दाबलं हे मात्र मुद्दाम विसरतो. त्याच्या लेपावर बोटाच्या रेषा उमटतच नाहीत. यंत्राला उमगत नाहीत तेवढेच कागद पंचांपुढे येत.

बारा वाजेतो सतरापैकी सोळा प्रभाग संपले. आठ बंबाला, आठ शिडीला. उरला नऊ नंबर. तिथे शिडी चार मतांनी पुढे होती आणि यंत्रानं अकरा कागद बाजूला काढले होते. आता ज्याचा नऊ नंबर त्याची नगरपंचायत.

बाहेर गुलालाची पोती दोन्ही बाजूंनी आणून ठेवली होती.

मतपत्रिका ७०३, ७११, ७१२, ७१९ आणि आणखी सात
यंत्राचा अंदाज: बंब ९९ टक्के
शेरा: परकी खूण. रंग तांबडा. पंचाने पाहावे.

अकराही कागदांवर बंबाच्या चित्रावर निळा डाग होता आणि निळ्यावर कुंकू.

"अगं आई गं!" बंबवाल्यांचा प्रतिनिधी भरमू चौगुले खुर्चीतून अर्धा उठला. "बंबाची पूजा केली की बायकांनी!"

निवडणूक निर्णय अधिकारी केतकी बोरुडे टेबलापाशी आल्या. वयानं तिशीतल्या, आवाज हळू. त्यांनी नियम वाचून दाखवला. मत कुणाला आहे याबद्दल शंका नसली, तरी कागदावरच्या खुणेवरून मतदार ओळखू येत असेल तर मत बाद. ओळखू येत नसेल तर वैध.

"शिडीच्या प्रतिनिधींना यावरून कुणी ओळखू येतंय?"

रियाजनं भिंग घेतलं. एकेक कागद पाहिला. नऊ नंबरातून त्याचा सख्खा मेहुणा उभा होता. पण माणूस सरळ. "कुंकू हाय, मॅडम," तो शेवटी म्हणाला. "आता गावातल्या निम्म्या बायका कुंकू लावतात. कुणाचं ते कसं सांगू? खोटं कशाला बोलू?"

भरमूनं टेबलाखाली मांडीवर थाप मारली.

"मग पंचांनी निर्णय द्यावा."

इंदुमतींनी पहिला कागद उचलला. बंबालाच दिलेलं मत. मनापासून दिलेलं. पट्टी हिरवी. शांत, पोपटाच्या पंखासारखी हिरवी.

पंचाचा निर्णय: वैध

मग त्यांनी सवयीनं भिंग उचललं.

कुंकवाच्या ठिपक्यात मधोमध एक आडवी पांढरी रेघ होती. दुसऱ्या कागदावरही. तिसऱ्यावर जरा तिरपी. कागदानं बोट विसरायचं ठरवलं होतं. कुंकवानं तसं काही ठरवलं नव्हतं. ओल्या बोटाला चिकटून ते जसंच्या तसं उतरलं होतं, आणि जिथे बोटाला चर होती तिथे कोरं राहिलं होतं.

ती चर इंदुमतींना पाठ होती. गावातले माग आता आपले आपण चालत, पण नऊ नंबरातल्या विणकर गल्लीत साडीच्या काठाला अजून हातानं सूत गुंडाळून भरलेली कांडी लागे. रहाट फिरवताना सूत तर्जनीवरून धावतं. दहा-दहा वर्षं धावलं की बोटाला चर पडते. लग्नानंतर इंदुमतींनीही दहा वर्षं कांड्या भरल्या होत्या, त्याच ओसरीवर, त्याच बायकांच्या रांगेत. त्या बायका आता उरल्या होत्या अकरा. तिरपी चर मालूची. तिचा रहाट भिंतीला खेटून, म्हणून हात वाकडा. खोल चर आक्कूबाईची. टोकाशी गेलेली गंगूची, ती सूत फार पुढे धरते.

त्या वाचत गेल्या. अकरा कागद, अकरा नावं. पत्ते लिहिलेली पत्रंच जशी.

त्यांनी पट्टीकडे पाहिलं. हिरवी.

सकाळपासून पहिल्यांदा त्यांना पट्टीचा राग आला. अगं, पिवळी हो की! पण ती का होईल? मत कुणाला, एवढंच तिला कळत होतं, आणि त्यात इंदुमती खोटं बोलतच नव्हत्या. तुम्हाला काय ठाऊक आहे, हे तिनं विचारलंच नव्हतं. ते ठाऊक असणारं माणूस त्या खोलीत एकच होतं. गप्प बसलं तर कायदा मोडत नव्हता, कुणाचं नाव फुटत नव्हतं, आणि ज्या बायकांनी मनापासून मत दिलं त्यांचं मत मोजलं जात होतं. वर बंब येत होता.

"काकी, सही करा," भरमू हळूच म्हणाला.

पंचाचा निर्णय: ~~वैध~~

"मला ओळखू येतात," इंदुमती म्हणाल्या.

आणि पट्टी पिवळी झाली! नुसती पिवळी नव्हे, फडफडली. सत्तावीस वर्षं मनगटातून उसळून वर आली होती.

"पिवळी! पिवळी!" भरमू ओरडला. "मॅडम, निर्णय रद्द. टेबल दोनकडं पाठवा." टेबल दोनचा पंच शिडीचा होता, पण त्याला त्या कागदांत कुंकवापलीकडे काही दिसणार नव्हतं, हे भरमूला पक्कं माहीत होतं.

नियम भरमूच्या बाजूनं होता. बोरुडे मॅडमनी पट्टीकडे बोट दाखवलं. "इंदुमतीबाई, पट्टी पिवळी असताना तुमचं मत मला घेता येत नाही."

"माझं मत घेऊ नका. शाईचं पॅड द्या."

पॅड आलं. इंदुमतींनी उजवी तर्जनी शाईत बुडवली आणि कोऱ्या कागदावर दाबली. काळा ठिपका, मधोमध आडवी पांढरी रेघ. फिकट, पंधरा वर्षांत बरीच भरून आलेली, पण होती. कागद त्यांनी ७०३ नंबरशेजारी ठेवला.

"असं बोट गावात माझ्यासकट बारा जणींचं. माझं मत सात नंबरात आहे. उरल्या अकरा. हे बोट कशानं होतं ते मी सांगणार नाही, कुणाचं ते तर नाहीच. तुम्ही फक्त बघा."

बोरुडे मॅडमनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. रियाजनंही पाहिलं. त्याची आई कांड्या भरता भरता गेली होती. त्यानं भिंग हळूच उपडं ठेवलं.

"पट्टी मतासाठी आहे," मॅडम म्हणाल्या. "हा पुरावा आहे आणि तो मला माझ्या डोळ्यांनी दिसतोय. अकराही बाद. कागद सीलबंद करा. या टेबलावर जे दिसलं ते या टेबलावरच राहील."

शिडी चार मतांनी. एका बाजूची पोती फुटली.

बापू मगदूम, लोकनिर्धारचे तालुकाप्रमुख, गाडीला टेकून उभे होते. भरमूनं त्यांच्यापर्यंत सगळं पोचवलं होतंच.

"इंदूताई, शिडीवाला स्वतः म्हणाला, ओळखू येत नाही. मग तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"कुणी नाही."

"पट्टीनंही नाही?"

"तिनंही नाही, बापू."

"मग पाच वर्षांची सत्ता घालवलीत ती कुणासाठी?"

इंदुमतींनी विचार केला. उत्तर मोठं होतं आणि बापूंना घाई होती. "ऑफिसची किल्ली भरमूकडं देऊ का?" त्यांनी विचारलं.

बापूंनी हात पुढे केला. किल्ली गेली तशी पिशवी हलकी लागली. रस्त्यापलीकडे गाड्यावर मिरचीची भजी निघत होती. सकाळपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. त्यांनी दोन प्लेटी खाल्ल्या, दुसरी तर अगदी चवीनं. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. उलट खूप दिवसांनी पायातली चप्पल काढून बसावं तसं वाटत होतं.

एक काम मात्र उरलं होतं. ते भज्यांपेक्षा तिखट होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या विणकर गल्लीत गेल्या. ओसरीवर अकरा रहाट फिरत होते. त्या उंबऱ्याशी बसल्या आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. "तुमची अकराही मतं बाद झाली. मी केली. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायच्या आत मीच सांगायला आले."

रहाट थांबले.

"कुंकवामुळं?" मालूनं विचारलं.

"कुंकवात बोटं उमटली. मी ओळखली. मत गुप्त राहायला हवं, मालू. माझ्यापासूनसुद्धा. चुकलं असेल तर शिव्या घाला, ऐकून घेते."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पहिल्यांदा गंगू फसकन हसली. मग दुसरी.

"हसता काय गं?"

"अगं बाई," आक्कूबाई म्हणाली. ती सगळ्यांत थोरली. पदरानं डोळे पुसत होती, पण हसूनच. "तुला ओळखू यावं म्हणूनच लावलं की! नवा कागद आला, आता इंदीला कसं कळणार आपण बंबालाच दिलं ते? नळ तू आणलास, पेन्शनचे कागद तू करून दिलेस. मग मीच म्हटलं, मोजायला इंदीच बसतीय, बोटाला कुंकू लावून जाऊ. तिला बरोबर कळंल."

इंदुमतींनी पुढ्यातली कांडी उचलून परत ठेवली. त्यांनी आयुष्यात या ओसरीवर कधी कुणाला धमकावलं नव्हतं. मत कुणाला दिलंस, असं विचारलंसुद्धा नव्हतं. विचारावं लागलंच नव्हतं.

"म्हणजे मला कळलं नसतं तर..." त्या थांबल्या. "कळलं नसतं तर बंबाला दिलं नसतं?"

"तसं कुठं म्हटलं मी?"

"पुढच्या वेळी मला कळायला नको हं. कुंकू लावून गेलात तर परत बाद करीन."

"करशील, करशील. आता खात्री झाली." आक्कूबाईनं तुटलेलं सूत शोधून गाठ मारली आणि रहाटाला हात घातला. "मालू, च्या टाक बाईला. दोन वेलदोडे घाल. पार्टीतनं काढलंय तिला."

गल्लीत परत घरघर सुरू झाली. इंदुमती पाय पसरून भिंतीला टेकल्या. सत्तावीस वर्षं ही ओसरी आपल्याला तळहातासारखी माहीत आहे, असं त्या समजत होत्या. आता अकरा चेहऱ्यांवरून त्यांची नजर फिरली आणि एकाही चेहऱ्यावरचं काही वाचता आलं नाही. गंमत म्हणजे त्यांना ते आवडलं.

"बरं, कुंकू नसतं, तर खरंच कुणाला दिलं असतंत गं?" त्यांना राहवेना.

आक्कूबाईनं रहाट न थांबवता मान वर केली. डोळे चमकत होते.

"ते आता तुला कशाला सांगायचं?"